आयकर भरायचा आहे दोन लाख, खात्यावर आहेत साठ हजार

आठवी_ब

नमस्कार मंडळी. कराडजवळच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी शिक्षिका आहे. आजवर आयटीआर-१, पगारातून कापलेला कर आणि शेवटी शून्य किंवा चार-दोनशे रुपयांचा रिफंड, एवढाच माझा आणि आयकर खात्याचा संबंध होता. यंदा तो फारच वाढला आहे.

२०११ च्या जूनमध्ये ४,६०,००० रुपयांना घेतलेला माझ्या एकटीच्या नावावरचा एनए प्लॉट या जानेवारीत, म्हणजे २०२५ च्या, १९ लाखांना विकला. हौसेनं नाही. आमच्या मिस्टरांची बायपास झाली, नंतर पुन्हा दोनदा ॲडमिट करावं लागलं. तोवर हातउसने, दिराकडचे, शिक्षक सोसायटीचं कर्ज असं सगळीकडून उचललं होतं. प्लॉटचे पैसे आले आणि पंधरवड्यात ज्याचे त्याला गेले. एक रुपयाही चैनीत गेला नाही, पण कर नफ्यावर लागतो, खर्चावर नाही, हे आता कळलंच आहे.

हिशेब असा. नफा १४,४०,०००. त्यावर १२.५ टक्क्यांनी १,८०,०००, वर ४ टक्के सेस धरून १,८७,२००. शिवाय व्याज १३,१०४. पोर्टल म्हणतं २,००,३०० भरा. पगारावरचा कर शाळेनं कापलेला आहे, त्याची भानगड नाही. सोसायटीचं कर्ज फिटलं असलं तरी पगारातून इतर हप्ते जातातच. गणपतीचा खर्च हात आखडून केला, तरी आज खात्यावर साठ हजारच आहेत. यंदाची मुदत १५ सप्टेंबर.

स्टाफरूममध्ये सल्ल्यांना तोटा नाही. एक सर म्हणतात, पैसे जमेपर्यंत रिटर्नच भरू नका, डिसेंबरपर्यंत लेट फी देऊन चालतं. भाऊ म्हणतो, पाटल्या मोड. प्लॉट गेला तो गेला, पाटल्या मोडायच्या नाहीत, एवढं मात्र मी ठरवलं आहे. पोर्टलवर क्रेडिट कार्डानंही कर भरता येतो असं दिसतं, तो बरा मार्ग आहे का? आणि खात्याकडे सरळ हप्ते मागता येतात का? कुणी मागितले आहेत का?

गडी_एकटा

मॅडम, आधी तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या वार्षिक माहिती पत्रकात, ही विक्री दिसते का बघा. निबंधक कार्यालयातून ३० लाख आणि त्यावरचे व्यवहार कळवले जातात, तुमचा १९ चा आहे. दिसत नसेल तर पुढचं तुम्ही समजून घ्या. आणि दाखवायचीच असेल तर माझ्या ओळखीचा एक जण देणगीच्या पावत्या लावून कर खाली आणतो. दहा टक्के घेतो, पण काम चोख.

आकडेमोड

मी सांगलीत कर सल्लागार आहे. बाईंना उत्तर देण्याआधी वरच्या प्रतिसादाबद्दल दोन शब्द, कारण हे वाचून कुणीतरी तसंच करेल.

एआयएस ही खात्याला काय कळलं याची यादी आहे, तुम्हाला काय सांगायचं आहे याची नाही. १९ लाख खात्यावर आलेत, दस्त नोंदलेला आहे. उद्या घेणाऱ्याची चौकशी निघाली तर त्याच्या खरेदीखतावर बाईंचा पॅन आहे. लपवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होतो. १,८७,२०० चा प्रश्न सोडवायला जाऊन त्यावर पावणेचार लाखांचा नवा प्रश्न उभा करायचा का? आणि देणगीवाल्या चोख माणसाला कायदाच माहीत नाही. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरच्या करातून ८०जी, ८०जीजीसी असल्या देणगीच्या वजावटी मिळतच नाहीत. म्हणजे पावती खोटी, दहा टक्के खरे, आणि कर जागच्या जागी. खोट्या वजावटींवर खात्यानं याच जुलैत मोठी तपासणी मोहीम काढली आहे, तेही ध्यानात असू द्या.

आता बाई, तुम्हाला. उसने कुठून आणायचे ते नंतर बघू, आधी आकडा बरोबर आहे का ते बघू. तुम्ही खरेदी किंमत ४,६०,००० धरलीत. खरेदीखताची स्टँप ड्युटी आणि नोंदणी फी धरली का? ती खरेदी किमतीतच मिळवायची असते. विकताना दलाली दिली असेल, आणि ती चेकनं किंवा खात्यावरून गेली असेल, तर तीही विक्रीच्या रकमेतून वजा होते. प्लॉटला कुंपण, बोअर असं काही केलं होतं का, आणि त्याची बिलं आहेत का? कागद काढा आणि सांगा.

दुसरं, प्लॉट २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असल्यानं तुम्हाला दोन्ही पद्धतींनी हिशेब करून जो कमी तो कर भरता येतो. एक म्हणजे महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, दुसरी म्हणजे निर्देशांक लावून २० टक्के. २०११-१२ चा निर्देशांक १८४, २०२४-२५ चा ३६३. तुमच्याच आकड्यांवर करून पाहिलं तर खरेदी किंमत ९,०७,५०० होते आणि कर १,९८,५०० येतो. म्हणजे १२.५ च बरा. पण हे करून बघायचंच असतं. जुने प्लॉट फार न वाढलेल्या भावानं विकले की पारडं उलटं झुकतं.

आठवी_ब

आकडेमोड सर, मनापासून आभार. गोदरेजच्या कपाटातून खरेदीखत काढलं. स्टँप आणि नोंदणी मिळून २८,०००, शिक्के स्पष्ट आहेत. दलालाला ३६,००० चेकनं दिले होते, पासबुकात नोंद आहे. तारेचं कुंपण केलं होतं पण त्याचं बिल नाही, एका ओळखीच्या गड्यानं घातलं होतं.

गडी_एकटा यांनी राग मानू नये, पण मी सातवी-आठवीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवते. विक्री दाखवायचीच आहे. प्रश्न फक्त पैशांचा आहे.

आकडेमोड

कुंपण सोडा. बाकीचं धरू. १९,००,००० मधून दलाली ३६,००० आणि खरेदी ४,८८,००० गेली, नफा १३,७६,०००. कर १,७२,०००, सेससह १,७८,८८०. निर्देशांकाच्या पद्धतीनं १,८०,००० च्या थोडं वर जातं, म्हणजे १२.५ च ठेवा. व्याज दोन प्रकारचं. आगाऊ कर भरला नाही म्हणून कलम २३४बी खाली एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांचं १०,७२८. विक्री जानेवारीतली असल्यानं आधीचे हप्ते चुकले असं धरत नाहीत, फक्त १५ मार्चचा, त्याचं २३४सी खाली १,७८८. एकूण १,९१,३९६, पोर्टल १,९१,४०० करेल. दोन जुन्या कागदांनी ८,९०० वाचवले.

आता मुख्य गोष्ट. रिटर्न भरणं आणि पैसे भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुमच्या स्टाफरूममधले सर ती एकच समजून बसलेत, आणि ते एकटेच नाहीत. एके काळी नियमच तसा होता. २०१३ पासून काही वर्षं कर न भरता दिलेलं रिटर्न सदोष धरलं जायचं. २०१६ च्या वित्त कायद्यानं ती अट गेली. आता पूर्ण कर न भरताही रिटर्न दाखल होतं. शेवटच्या टप्प्यावर ‘पे नाऊ’ आणि ‘पे लेटर’ असे दोन पर्याय येतात. ‘पे लेटर’ निवडलं की तुम्हाला थकबाकीदार धरलं जाऊ शकतं असा इशारा येतो. तो खरा आहे, पण त्याला घाबरून रिटर्नच न भरणं हे त्याहून महाग आहे.

किती महाग ते बघा. १५ तारखेच्या आत रिटर्न गेलं तर राहिलेल्या करावर महिना १ टक्का. मुदत चुकली तर कलम २३४ए चा आणखी १ टक्का सुरू होतो, म्हणजे महिना २ टक्के, वर ५,००० लेट फी. ती फी तुमच्याकडच्या साठ हजारांतूनच जाणार.

म्हणून करायचं असं. आयटीआर-१ नाही, आयटीआर-२ लागेल, कारण भांडवली नफा आहे. रिटर्न भरण्याआधी ई-पे टॅक्समध्ये जाऊन निर्धारण वर्ष २०२५-२६, प्रकार स्वयं-निर्धारण कर म्हणजे कोड ३००, असं निवडून जमतील तेवढे भरा. साठ भरलेत तर त्यातून आधी व्याजाचे १२,५१६ वळते होतात, उरलेले ४७,४८४ करात. कर बाकी राहील १,३१,३९६. त्यावर महिना साधारण १,३१३ रुपये व्याज. डोळ्यांसमोर दोन लाखांचा डोंगर ठेवू नका, हा १,३१३ चा आकडा ठेवा. उसने आणायचे की थांबायचं हे त्याच्याशी तोलून ठरवायचं.

एक बारीक गोष्ट. व्याज मोजताना महिन्याचा तुकडा पूर्ण महिना धरतात. सप्टेंबरचं व्याज वरच्या हिशेबात आलेलंच आहे. म्हणजे रिटर्न १५ च्या आत, पण उरलेल्यातलं जे काही ३० सप्टेंबरपर्यंत भराल त्यावर जादा एक रुपया लागत नाही. १ ऑक्टोबरला भरलं तर पूर्ण महिन्याचं लागतं.

शाखेतले_काका

बँकेत नोकरी केली, आता निवृत्त. आकडेमोड यांनी भाव सांगितला, महिना १ टक्का, चक्रवाढ नाही. म्हणजे वर्षाला १२. आता कोणतं कर्ज याहून स्वस्त तेवढंच बघायचं.

क्रेडिट कार्ड नको. भरतानाच गेटवेचा चार्ज लागतो, आणि बिल पुढे ढकललं की महिना तीन-साडेतीन टक्के. खात्याचा १ टक्का टाळायला साडेतीन घ्यायचे? वैयक्तिक कर्ज बहुतेक ठिकाणी १२ च्या आसपास किंवा वरच, शिवाय प्रोसेसिंग फी. त्यात फायदा काही नाही.

ताई, पाटल्या मोडायच्या नाहीत म्हणता ते बरोबर, पण तारण ठेवायला काय हरकत आहे? सरकारी बँकेत सोनेतारण साधारण ९ टक्क्यांच्या घरात मिळतं, किमतीच्या पाऊणपटीपर्यंत. ओळखीच्या सावकारी दुकानात मात्र जाऊ नका, कितीही घरचं असलं तरी.

पण सगळ्यात आधी, तुम्ही नोकरीला कधी लागलात? १ नोव्हेंबर २००५ च्या आधी असाल तर तुम्हाला जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, असणार.

आठवी_ब

२००३ ला लागले, जीपीएफ आहे. सोनं तारण ठेवायचं म्हटलं की सासूबाई जेवत नाहीत, म्हणून तो विषय सध्या बाजूला. पितृपक्ष चालू आहे, घरात नको ती चर्चा नको.

शाखेतले_काका

मग झालंच. जीपीएफमधून परताव्याचं अग्रिम, म्हणजे हप्त्यांनी परत फेडायची उचल, काढा. त्यावर बाहेरचं व्याज नाही, तुमच्याच शिलकीवर मिळणारं ७.१ टक्के तेवढ्या रकमेपुरतं थांबतं, इतकीच त्याची किंमत. आयकर हे कारण चालत नाही, पण घरातल्या माणसाचं आजारपण चालतं, आणि तुमच्या घरी ते खरंखुरं आहे. पुढची तपासणी, औषधं, काही असेलच. त्याला अग्रिम घ्या, म्हणजे त्या खर्चासाठी बाजूला ठेवलेला पगार कराकडे वळवता येईल. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत वेतन पथकाकडे जातो. १५ तारखेपर्यंत मिळण्याची आशा ठेवू नका, पण दिवाळीच्या सुमारास मिळाला तरी पुष्कळ.

आणि बायकांची भिशी असते ना शाळेत?

आठवी_ब

काका, तुम्ही शाखेत होतात की आमच्या स्टाफरूममध्ये? आहे भिशी. पन्नास हजारांची, माझा नंबर मार्चमध्ये आहे. ऑक्टोबर चित्रकलेच्या बाईंचा आहे, त्यांना मुलीच्या साखरपुड्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच पैसे लागणार आहेत. विचारते. हे मला सुचलं नव्हतं.

एडिसनकर

मूळचा इचलकरंजीचा, सध्या न्यू जर्सी. इथे एप्रिलमध्ये दरवर्षी हीच धावपळ असते, आणि इथेही गणित तेच, फक्त जास्त उघडं. रिटर्न उशिरा दिलं तर न भरलेल्या करावर महिना ५ टक्के दंड, रिटर्न वेळेवर देऊन पैसे उशिरा दिले तर महिना अर्धा टक्का. व्याज वेगळं. तरी नव्यानं आलेली मुलं पैसे नाहीत म्हणून फॉर्मच भरत नाहीत. फरक एवढाच की इथे आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, संकेतस्थळावर स्वतःच हप्ते लावून घेता येतात, ५०,००० डॉलरच्या आत असेल तर सहसा कुणाला भेटावंही लागत नाही. भारतात तसं बटण आहे का?

आकडेमोड

तसं बटण नाही. पण हप्त्यांची तरतूद आहे, आणि ती वापरणारे फार कमी.

क्रम असा असतो. तुम्ही ‘पे लेटर’नं रिटर्न दिलंत की बेंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून, कलम १४३(१) ची सूचना येते, त्यात बाकीची मागणी असते. ती महिन्यात येईल किंवा बरीच नंतर. यंदाच्या रिटर्नसाठी त्यांच्याकडे डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत वेळ आहे. मागणी आली की ३० दिवस. त्या ३० दिवसांत भरलं तर नवं व्याज नाही, नंतर कलम २२०(२) खाली पुन्हा महिना १ टक्का. आणि याच ३० दिवसांत कलम २२०(३) खाली तुमच्या निर्धारण अधिकाऱ्याकडे हप्ते किंवा मुदतवाढ मागता येते. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केला तर बाजू लंगडी पडते. तुमचा अधिकारी कोण हे पोर्टलवर पॅन टाकून कळतं.

अर्ज साधा मराठीत किंवा इंग्रजीत, एका पानाचा. जमीन का विकली, पैसे कुठे गेले, हॉस्पिटलची बिलं, कर्जफेडीच्या पावत्या, पगारपत्रक, आजवर किती भरलं, आणि पुढे दर महिन्याला किती व कोणत्या तारखेला भरणार. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ‘जमेल तसे भरेन’ लिहिणाऱ्याला अधिकारी काय देणार? ‘दर महिन्याच्या ५ तारखेला १५,०००’ लिहिणाऱ्याला तो बहुधा ऐकून घेतो. देणं त्याच्या अखत्यारीत आहे, हक्क म्हणून मिळत नाही. पोचपावती घ्याच.

काहीच केलं नाही तर काय, हेही सांगतो, कारण विचारायला लोक लाजतात. पुढच्या वर्षीचा रिफंड वळता होतो, थकबाकीइतक्या रकमेपर्यंत दंड लावता येतो, बँक खातं गोठवता येतं. मुद्दाम कर चुकवला असं दिसलं तर खटलाही होतो. पण ज्यानं स्वतःहून पूर्ण उत्पन्न दाखवलंय, अर्धा-पाव कर भरलाय आणि लेखी कारण दिलंय, त्याच्याबद्दल ‘मुद्दाम’ म्हणणं अवघड. सल्लागारानं फोनवर ‘काही होत नाही’ म्हटलं तर त्याचा कागद होत नसतो. तुमच्या अर्जाचा होतो.

बाई, तुमच्या बाबतीत मला वाटतं अर्जाची वेळच येणार नाही. साठ आता, भिशीचे पन्नास ऑक्टोबरात, उरलेले ८०-८२ हजार जीपीएफ आणि पगारातून डिसेंबरपर्यंत. मागणी यायच्या आधीच संपलं तर बरं. फक्त रिटर्ननंतर भरलेली चलनं रिटर्नमध्ये नसतात, म्हणून ३१ डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्न देऊन ती सगळी त्यात घाला. नाहीतर सीपीसी साठच धरून मागणी काढेल आणि मग ती दुरुस्त करत बसा. तोवर मागणी येऊन पडली असेल, तर मात्र कोड ३०० मध्ये भरू नका. त्या मागणीसमोरच्या ‘पे नाऊ’वरूनच भरा, तिथे कोड ४०० असतो.

कोयनाकाठ

या धाग्यावर आलोच आहे तर विचारतो. माझी सातारा एमआयडीसीजवळची गुंठेवारीची जागा येत्या महिन्यात जाईल. मला आधी काय करता येईल?

आकडेमोड

विक्रीच्या दिवशीच कराची रक्कम वेगळ्या खात्यात टाका, तिला घरच्यांना हात लावू देऊ नका. त्या तिमाहीच्या आगाऊ कराच्या हप्त्याला भरून टाका, म्हणजे २३४बी-सी चं व्याज नाही. घर घेणार असाल किंवा या नफ्यावरचा कर वाचवणारे कलम ५४ईसीचे रोखे घेणार असाल तर रोख्यांची मुदत विक्रीपासून सहा महिने, पन्नास लाखांपर्यंत. बाईंची ती मुदत जुलैत गेली, पण त्यांच्याकडे गुंतवायला पैसेच नव्हते, त्यामुळे तो विषय नव्हताच. जागा तुमच्या आणि घरच्यांच्या दोघांच्या नावावर, दोघांच्या पैशानं घेतलेली असेल तर नफा दोघांत वाटला जातो. पत्नीला दुसरं उत्पन्न नसेल तर तिच्या वाट्याला मूळ सूटही मिळते. दस्त बघून वेगळा धागा काढा.

आठवी_ब

चित्रकलेच्या बाई तयार झाल्या, भिशी ऑक्टोबरात माझी. साठ हजारांचं चलन आज यूपीआयनं भरलं. आता आयटीआर-२ मध्ये ते आपोआप दिसत नाहीये. हातानं टाकायचं का?

आकडेमोड

हो. शेड्यूल आयटीमध्ये बँकेचा बीएसआर कोड, चलन क्रमांक, तारीख आणि रक्कम, चारही चलनाच्या पावतीवर आहेत. तारीख नीट टाका, एका दिवसाचा फरक पडला तरी चलन जुळत नाही. रिटर्न दाखल झालं की आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय त्याच बैठकीत करा. ते ३० दिवसांत झालं नाही तर रिटर्न वेळेत भरलेलं धरत नाहीत. आणि १५ तारखेची वाट बघू नका, त्या दिवशी पोर्टल सगळ्या महाराष्ट्राला एकदम आठवतं.